ओंकारेश्वरावरचा शब्द

नारायण पेठ, पुणे
८ जून २०२४

श्री. उत्तरेश्वर घोळवे यांस,
स. न. वि. वि.

मी कॅप्टन आमोद आगाशे याची आई. खरं तर ओळख द्यायची गरज नसावी, कारण जानेवारीत माझ्या मुलाला काश्मीरहून तिरंग्यात घरी घेऊन येणारे आपणच होतात. पण तीनदा फोन केला तो आपण घेतला नाहीत, तेव्हा विसरला असाल असं धरून चालते. मोबाइलवर अंगठ्यांनी लिहिणं मला जमत नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे पत्र तेवढं येतं.

मुद्द्यावर येते. आपल्या पलटणीच्या सी. ओ. साहेबांचं पत्र आलं आहे. आमोदच्या नावाची शिफारस मोठ्या शौर्यपदकासाठी तयार आहे. त्या दिवशी त्याच्या अगदी जवळ असलेल्या माणसाचं निवेदन तिला जोडावं लागतं. तो माणूस म्हणजे आपण. आणि आपली सही अजून झालेली नाही.

माझे यजमान श्रीनिवास यांनी उभा जन्म लष्कराच्या हिशेब-कचेरीत कारकुनी केली. दुसऱ्यांच्या पदकांचे कागद त्यांच्या टेबलावरून पुढे गेले. आता त्यांनी हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक खिळा ठोकून ठेवला आहे, पदकाच्या फ्रेमसाठी. सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन पोस्टाची पेटी बघून येतात. तीन जिने त्यांच्या हृदयाला झेपत नाहीत, पण ऐकतो कोण.

दहाव्याला आपण स्वतः ओंकारेश्वरावर होतात. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोर कठड्यावर बसले होते, पण एक पुढे येईल तर शपथ. ओंकारेश्वरावरचे कावळेही शेवटी पुण्याचेच, बोलावलं म्हणून लगेच यायला त्यांना कमीपणा वाटतो. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मी एरवी या गोष्टी मानत नाही. त्या दिवशी मानत होते. माझे दीर अभय यांनी सांगून पाहिलं, "आईबाबांना आम्ही बघू." नाही आला. मग ह्यांनी हात जोडून मोठ्यांदा सांगितलं, "आमोद, तुझ्या पराक्रमाचं मेडल या घरात येईल. माझा शब्द." तरी नाही. शेवटी आपण बूट काढून पुढे गेलात, पिंडापाशी वाकून काहीतरी पुटपुटलात, आणि आपण मागे सरताय तोवर कावळा खाली उतरला. ह्यांच्या शब्दाला आपण शब्द जोडलात, हे तिथल्या प्रत्येकाने पाहिलं. ह्यांनी तर आपल्याला मिठी मारली होती.

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द फिरवायचा नसतो, एवढं आपल्या बीड जिल्ह्यातही पाळत असतील. सही कशासाठी अडली आहे ते कळवावं.

आपली,
मंदाकिनी आगाशे


कात्रज
१७ जून २०२४

आदरणीय आईसाहेब,
साष्टांग दंडवत.

तुमचं पत्र मिळालं. फोनचं मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी स्फोट झाला तेव्हापासून माझे दोन्ही कान गेल्यात जमा आहेत. फोन वाजतो ते दिसतं, बोललेलं कळत नाही. इलाजासाठीच मला पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात पाठवलंय, आणि कात्रजला बहिणीकडं, रुपालीकडं राहतो. आगाशे साहेबांबद्दलचं मोबाइलवर लिहायला मन घेत नाही. मेसेज कुठनं कुठं जातो.

सही केली नाही हे खरं आहे.

ओंकारेश्वरावर बाबा काय बोलले ते मला ऐकूच आलं नव्हतं. कानात कापूस होता. एकेक जण पुढं होऊन हात जोडत होता, म्हणून मीही झालो. पदकाचा शब्द मी दिला नाही आईसाहेब. मी दुसरंच बोललो. काय बोललो ते विचारू नका, एवढी विनंती आहे.

बाबांना जिने चढू देऊ नका. गॅस, दळण, औषधं, काहीही आणायचं असलं तर एक कार्ड टाका. मी आणून देईन.

तुमचा आज्ञाधारक,
नाईक उत्तरेश्वर घोळवे


नारायण पेठ
२२ जून २०२४

श्री. घोळवे यांस,

कात्रजहून नारायण पेठेत पत्र यायला पाच दिवस लागले. त्याच दिवशी चालत निघाला असतात तर संध्याकाळच्या चहाला पोचला असतात. पण आपण येणार नाही हे मला कळून चुकलं आहे. तेराव्यालाही आपण वर आला नाहीत. जिन्यात पायरीवर बसून राहिलात आणि आपलं वाढलेलं पान तसंच उचलावं लागलं. तेव्हा मला वाटलं, साध्या माणसाचा संकोच. आता वाटतं, तोंड दाखवायची चोरी होती.

मी सही मागितली तर आपण दळण आणून द्यायला तयार आहात. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

विचार करते तेव्हा मला एकच कारण सुचतं. तो पुढे गेला, आपण मागे राहिलात, आणि सही करायची म्हणजे ते कबूल करायचं. तसं असेल तर सांगून टाका. मी रागावणार नाही असं खोटं लिहीत नाही. माझा मुलगा मेला आणि आपण परत आलात, एवढं तर मला दिसतंच आहे.

हे काल पेटी बघून वर आले ते अर्धा तास खुर्चीत नुसते बसून होते. ओठ निळे. श्वास लागल्यावर पहिलं वाक्य काय, तर "घोळवे सज्जन आहे, करेल तो." त्यांच्या हृदयाचा भरवसा नाही असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे. त्या खिळ्यावर काहीतरी टांगलेलं त्यांना बघू द्या. बाकी मला आपल्याकडून काहीही नको.

मंदाकिनी आगाशे


कात्रज
४ ऑगस्ट २०२४

आईसाहेब,
दंडवत.

इतके दिवस उत्तर दिलं नाही. लिहायला बसायचो आणि उठायचो. शेवटी तुमचं पत्र रुपालीच्या हाती लागलं. ती वाचून मला पाटीवर लिहून म्हणली, "दादा, तुझ्याबद्दल त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. पण लेकरू कसं गेलं हे तरी त्या माउलीला कळू दे." म्हणून लिहितो.

माझं बयान वरून टाइप होऊनच आलंय. त्यात असं आहे, की कॅप्टन आगाशे गोळ्या झाडत घरात घुसले, दोघांना समोरासमोर मारलं आणि मग त्यांना गोळी लागली. खाली माझ्या सहीची जागा. सी. ओ. साहेबांच्या मनात पाप नाही. त्यांचा आपल्या साहेबांवर फार जीव. असं लिहिलं तर मोठं पदक मिळेल, घरच्यांना तेवढाच आधार, असं त्यांना वाटतं. पण तसं घडलं नाही.

घडलं ते असं. पहाटेपासून एका घराला आमचा घेरा होता. आत दोन अतिरेकी. भोंग्यावरून ओरडून घरातली माणसं बाहेर काढली. घरमालक म्हणला, सगळी आली. मग घर उडवायचं ठरलं. सगळी तयारी झाली आणि आपल्या साहेबांनी हात वर केला. मागच्या खोलीतनं लेकराचं रडणं येत होतं. मालक भेदरून खोटं बोलला का गोंधळात चुकला, देव जाणे. साहेबांनी रेडिओवर थोडा वेळ मागून घेतला आणि आम्ही दोघं रांगत मागच्या भिंतीला गेलो. तिथं एक लहान खिडकी होती. साहेबांनी रायफल पाठीवर टाकली. मी म्हणलं, साहेब, हातात असू द्या. ते म्हणले, "घोळवे, दोन्ही हात लागतील."

आत दोन मुली होत्या. थोरलीनं धाकटीच्या तोंडावर हात दाबून धरलेला. साहेब कमरेपर्यंत आत वाकले, धाकटीला उचललं आणि माझ्याकडं दिलं. थोरली येईना. ती आमच्या वर्दीलाच भीत होती. साहेबांनी हेल्मेट काढून खाली ठेवलं, तिला तोंड दिसावं म्हणून. तिची भाषा त्यांना येत नव्हती. मराठीतच म्हणले, "चल गं, आई वाट बघतेय." ती आली. तिला माझ्या हातात देत होते तेव्हा आतलं दार उघडलं.

रायफल पाठीवरच होती.

मी दोन्ही पोरी छातीखाली घेऊन भिंतीशी पडून राहिलो. पुढचं सगळं दुसऱ्यांनी केलं, मग स्फोट झाला. साहेबांसाठी मी एकही गोळी झाडली नाही, कारण माझ्या हातात लेकरं होती आणि ती साहेबांनीच दिली होती. मी परत आलो तो असा आलो.

ओंकारेश्वरावर मी एवढंच म्हणलं होतं, "साहेब, दोन्ही पोरी सुखरूप आहेत." ते कळायच्या आधीच साहेब गेले होते, म्हणून सांगितलं. कावळा त्यावर शिवला का त्याला भूक लागली होती, मला ठाऊक नाही.

आता त्या टाइप केलेल्या कागदावर सही केली, तर खिडकीपाशी जे झालं ते कधी झालंच नाही असं होतं. आणि खरं लिहावं तर कोणी विचारेल, रायफल पाठीवर का, हेल्मेट कशाला काढलं. पदक राहिलं बाजूला, दोष साहेबांवर यायचा. म्हणून मी खोटंही लिहिलं नाही आणि खरंही नाही. गप बसलो. तुमच्या जिन्यातही तसाच बसलो होतो.

आता तुम्ही सांगाल तसं. सही कर म्हणलात तर करतो. तुम्ही आई आहात.

उत्तरेश्वर


नारायण पेठ
११ ऑगस्ट २०२४

उत्तरेश्वर,

पत्र पोचलं. आज एवढंच लिहवतं.

मंदाकिनी आगाशे


नारायण पेठ
२ सप्टेंबर २०२४

श्री. उत्तरेश्वर यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही खरं लिहिलंत, तेव्हा मीही खरंच लिहिते. पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या दोन पोरींचा राग आला. इतका आला की माझी मलाच भीती वाटली. कोण कुठल्या त्या, रडल्या नसत्या तर माझा मुलगा आज घरी असता. मग तुमचा राग आला, की त्याने पाठीवर टाकलेली रायफल तुम्ही ओढून त्याच्या हातात का दिली नाहीत. मग त्याचाच आला. सबंध श्रावण मी या रागात काढला. देवापुढे फूल ठेवलं नाही.

आमोद सात वर्षांचा असेल. गणपतीच्या सामानाला मंडईत गेलो होतो आणि तो माझ्या हातातून सुटला. मी वेड्यासारखी सगळे गाळे फिरले. सापडला तो एका नारळवाल्यापाशी, दुसऱ्याच एका हरवलेल्या मुलीचा हात धरून उभा. तिचं माणूस येईपर्यंत हलायला तयार नाही. मी त्याचा दंड धरून ओढलं आणि ओरडले, "चल, आई वाट बघतेय हे कळत नाही का तुला?" ते मी पार विसरले होते.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. दाखवू नये असं फार वाटलं, पण आम्ही एकमेकांपासून चोरून कधी काही केलेलं नाही. ऐकून म्हणाले, "पाठीवर रायफल टाकून कोणी जातं का? हा माणूस खोटं बोलतोय." नंतर म्हणाले, "मंदा, समज खरं असलं, तरी करू दे ना सही. कोणाचं काय बिघडतं त्यात?"

खरंच कोणाचं काही बिघडत नाही. एक कार्ड तुम्हाला टाकलं की ह्यांच्या खिळ्यावर पदक येतं. पण ते दुसऱ्याच कोणाचं तरी असेल. गोळ्या झाडत आत घुसणारा कोणी शूर माणूस असेल, त्याला माझा नमस्कार आहे. तो माझ्या पोटी जन्मला नव्हता. माझा खिडकीत वाकला होता. आता कुठे तो मला नीट दिसायला लागला आहे, आणि तो कागदावरून पुसला जाताना मला बघवणार नाही.

तेव्हा जसं घडलं तसं लिहा. रायफल पाठीवर होती हेही लिहा. हेल्मेट काढलं तेही लिहा. कोणी दोष दिलाच तर त्याला माझ्याकडे पाठवा. पत्ता पाकिटावर आहे.

हे माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही परत आलात याबद्दल मी जूनमध्ये जे वाक्य लिहिलं होतं, ते मागे घेते. शाई पुसता येत नाही, म्हणून लिहून मागे घेते.

मंदाकिनी आगाशे


कात्रज
१४ ऑक्टोबर २०२४

आईसाहेब,
साष्टांग दंडवत.

कानाच्या कागदांसाठी पलटणीत जाऊन आलो. माझ्या हातानं लिहिलेलं बयान सी. ओ. साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मला ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहिलं, "घोळवे, यावर मी शिफारस कशी करू?" मी म्हणलं, साहेब, जमली तर करा, नाही तर नका करू, फक्त फाडू नका. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये नीट ठेवलं. जाताना उठून उभे राहिले. माझ्यासाठी सी. ओ. साहेब कशाला उभे राहतील, ते आपल्या साहेबांसाठीच उभे राहिले असणार.

कान सुधारायचे नाहीत असं ठरलं. नव्या वर्षात घरी पाठवतील. टाइप केलेल्या शिफारशीत धाकट्या पदकासाठी माझंही नाव होतं, ते आता राहिलं. रुपालीला सांगितलं तर म्हणली, "गळ्यात घालून तुला ऐकू येणार होतं का?" पण स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला ऐकू येत नाही म्हणून तिला वाटतं मला कळत नाही.

बाबा बोलायला लागले का? त्यांची माफी मागायची आहे, पण कशाबद्दल ते मला लिहिता येत नाही.

तुमचा,
उत्तरेश्वर


नारायण पेठ
१० मार्च २०२५

चि. उत्तरेश्वर यास,
अनेक आशीर्वाद.

आजपासून तुला अरेतुरे करते. आता आमोदनंतर या घरात तसं म्हणायला कोणी उरलेलं नाही.

हे गेले. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, आपल्याच जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. पेटी बघून वर येत होते. चष्मा नाकावर होता आणि हातात तुझ्या पलटणीचं फोडलेलं पाकीट. आतला कागद मी नंतर वाचला. वाईट काही नव्हतं. कॅप्टन आगाशे यांनी दोन मुलांचे प्राण वाचवताना देह ठेवला याची पलटणीने आदराने नोंद घेतली आहे, पदकाची शिफारस मात्र पुढे जाऊ शकली नाही, असं होतं. कोणीही दोष दिलेला नाही. तेवढं तू मनातून काढून टाक.

सप्टेंबरपासून त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. "चहा." "गोळी." "दिवा घालव." एवढंच. मला माफ केलं होतं की नाही, ते आता कळायचा मार्ग नाही. मी चूक केली असं मला वाटत नाही, पण त्यांच्या निळ्या ओठांकडे बघताना दर वेळी वाटायचं, हे खरं मी त्यांच्या जिवावर बोलते आहे.

दहाव्याला ओंकारेश्वरावर कावळा शिवेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ह्यांची इच्छा काय राहिली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. अभयभावजी हळूच म्हणाले, "वहिनी, म्हणा ना एकदा, मेडल आणू म्हणून. नुसतं म्हणायला काय जातंय?"

खरंच, काय जात होतं? एका कावळ्यापुढे एक वाक्य. इतकी वर्षं ज्यांच्यासोबत संसार केला त्यांच्यासाठी. मी पुढे झाले, वाकले, शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तू त्याच जागी वाकून खरं बोलला होतास. मग मला दुसरं काही म्हणता येईना. मी तुझंच म्हटलं, "अहो, दोन्ही पोरी सुखरूप आहेत."

नाही आला. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही थांबलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववून घेतला. मी घरी येऊन आंघोळ केली आणि भांडी घासायला बसले. रडू आलं ते तेव्हा आलं.

काल खिळा काढायला घेतला. निघेना, प्लास्टरच सुटायला लागलं, म्हणून राहू दिला आहे.

येत्या रविवारी रुपालीला घेऊन जेवायला ये. तुझं एक पान या घरात राहिलं आहे. ऐकू येत नसलं तरी चालेल, मी लिहून बोलेन. फक्त या वेळी जिन्यात बसू नकोस. त्या पायऱ्यांवर आता मला कोणी बसलेलं बघवत नाही. वर ये.

आमोदची आई